दोन चाके आणि स्वावलंबन

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त माकुणसार येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सेवाभावी संस्थांच्या वार्षिक अहवालात एक छायाचित्र हमखास असते. मंडपात चकचकीत नव्या व्हीलचेअरची रांग लागलेली असते, प्रत्येक खुर्चीवर कोणी बसलेले असते आणि मागे दाते उभे असतात. दानाचा हेतू निर्मळ असतो, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु हीच खुर्ची सहा महिन्यांनी कोठे आहे, याचा शोध सहसा कोणी घेत नाही. बहुतेक वेळा ती दाराआड घडी करून ठेवलेली असते आणि तिच्यावर गोधड्या रचलेल्या असतात. घर उंच जोत्यावर, ओट्याला तीन पायऱ्या, न्हाणीघराचे दार जेमतेम दोन फुटांचे आणि अंगणात पुळणीची वाळू, अशा घरात ती खुर्ची जाणार तरी कोठे? खुर्ची मिळाली खरी. तिला फिरायला जागा मिळाली नाही. आजच्या विषयाचा गाभा या जागेतच आहे.

ज्यांची उभे राहण्याची शक्ती कायमची गेली आहे, त्यांनी पूर्ण आणि स्वतंत्र आयुष्य जगणे ही कल्पना जगातही फार जुनी नाही. मज्जारज्जूला इजा झालेला मनुष्य पूर्वी त्या इजेने नव्हे, तर पाठीच्या जखमांनी आणि मूत्रमार्गातील जंतुसंसर्गाने अल्पावधीत दगावत असे. जर्मनीतून परागंदा झालेले डॉ. लुडविग गुटमन यांनी फेब्रुवारी १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे जखमी सैनिकांसाठी स्वतंत्र विभाग उघडला. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, मूत्राशयाची स्वच्छता काटेकोर ठेवायची आणि त्याला अंथरुणावर न ठेवता कामाला व खेळाला लावायचे, हा त्यांचा उपचार. २९ जुलै १९४८ रोजी त्यांनी रुग्णालयाच्या आवारात १६ जणांची तिरंदाजी स्पर्धा भरवली. पुढे पॅरालिम्पिक म्हणून जगाला माहीत झालेल्या स्पर्धांचा तो उगम होय. घडी घालून मोटारीत ठेवता येणारी खुर्ची त्याआधी, १९३३ साली, अमेरिकेत तयार झाली होती. खाणीतील अपघाताने पाय गेलेले हर्बर्ट एव्हरेस्ट आणि त्यांचे अभियंता मित्र हॅरी जेनिंग्ज यांनी ती बनवली. म्हणजे ज्याला गरज होती, तोच तिचा एक निर्माता होता. ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

महाराष्ट्रात या वाटेवर प्रथम ज्यांचे नाव घ्यावे, ते सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. लष्करातील हा उमदा मुष्टियोद्धा १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला. कमरेखालचा भाग लुळा पडला. पाण्यात व्यायाम करावा, या वैद्यकीय सल्ल्यातून पोहणे सुरू झाले आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे त्यांनी ५० मीटर पोहण्याची शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकली. पॅरालिम्पिकमधील भारताचे ते पहिले वैयक्तिक सुवर्णपदक. त्या काळी परदेशी जाण्याचा खर्च सरकारी तिजोरीतून सहज मिळत नसे. अशा वेळी क्रिकेटपटू विजय मर्चंट यांची संस्था पाठीशी उभी राहिली. मर्चंट यांचे घराणे कापड गिरण्यांचे, हे येथील कापड व्यापाऱ्यांना ऐकून समाधान वाटेल. मात्र पेटकरांना पद्मश्री मिळाली ती २०१८ साली, म्हणजे पदकानंतर ४६ वर्षांनी, आणि जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार २०२५ साली. मधल्या काळात या नावाची ओळख किती शाळकरी मुलांना होती?

पेटकरांचे उदाहरण तेजस्वी खरे; पण ते ऐकून सामान्य घरातील आईवडील म्हणतात, ‘तो सैनिक होता, खेळाडू होता; आमच्या मुलीचे काय?’ या प्रश्नाचे उत्तर कोल्हापुरात सापडते.

नसीमा हुरजूक या मध्यमवर्गीय कुटुंबातील मुलीला ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर, सोळा-सतराच्या वयात, कमरेखाली पक्षाघात झाला. पायांची शक्ती गेली, संवेदनाही गेली. अशा वेळी घरात काय होते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. वैद्य, हकीम, नवससायास सर्व होते आणि मग हळूहळू सगळे घर एका खाटेभोवती गोठून जाते. नसीमाताईंच्या आयुष्याला वळण मिळाले ते बाबूकाका दिवाण यांच्या भेटीने. बाबूकाका स्वतः खुर्चीवरचे. पण उद्योग सांभाळणारे आणि स्वतःला सोयीची करून घेतलेली मोटार स्वतः चालवणारे गृहस्थ. त्यांनी उपदेश किती केला, हे गौण आहे. त्यांना मोटार चालवताना पाहणे हाच मोठा उपदेश होता. ‘असेही जगता येते’ हे डोळ्यांनी दिसले.

त्यांनी शिक्षण पूर्ण केले, केंद्रीय अबकारी व सीमाशुल्क खात्यात नोकरी मिळवली. सरकारी नोकरी, महिन्याचा पगार, निवृत्तिवेतनाची हमी! कोणाही पालकाने येथे सुटकेचा निःश्वास टाकला असता. पण नसीमाताईंनी १९८४ साली सहकाऱ्यांसह ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था स्थापन केली आणि पुढे नोकरी सोडून पूर्ण वेळ या कामाला वाहून घेतले. कोल्हापूरजवळ उचगाव येथे ‘घरौंदा’ हे वसतिगृह उभे राहिले, शाळा उभी राहिली. त्या शाळेत अपंग मुले आणि धडधाकट मुले एकाच वर्गात बसतात. खेड्यातील अपंग मूल शाळेत का जात नाही? बुद्धी कमी म्हणून नव्हे; तर शाळा दोन कोस दूर, वर्ग माडीवर आणि शौचालय वापरता येत नाही म्हणून. हे ओळखूनच आधी निवारा आणि मग शाळा, असा क्रम संस्थेने धरला. इमारती पहिल्या विटेपासून चाकांसाठी बांधल्या. खुर्च्या व लाकूडसामान तयार करणारी कार्यशाळा काढली. सिंधुदुर्ग जिल्ह्यात काजूप्रक्रियेचा प्रकल्प उभारला. तेथे अपंग स्त्री-पुरुष मजुरी मिळवतात आणि तो माल बाजारात विकला जातो.

व्यापारी माणसाला यातील शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची वाटेल. दयेपोटी घेतलेली मेणबत्ती एकदाच घेतली जाते. चांगला काजू गिऱ्हाईक पुन्हा मागते. नसीमाताईंचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन मराठी वाचकांना परिचित आहे. पाठशाळेच्या ग्रंथालयात त्याची एक प्रत अवश्य असावी.

येथे एका शब्दाचा खुलासा करणे भाग आहे. स्वतंत्र म्हणजे कोणाचीच मदत न घेणारा, असा अर्थ घेतला तर या सभागृहातील एकही जण स्वतंत्र ठरणार नाही. सकाळचा चहा, इस्त्रीचे कपडे, दुकानातील नोकर, हिशोबाचा मुनीम, हे सर्व परावलंबनच आहे; फक्त त्याची सवय झाल्याने ते दिसत नाही. अमेरिकेतील एड रॉबर्ट्स यांना वयाच्या चौदाव्या वर्षी पोलिओ झाला. मानेखाली जवळजवळ काहीच हलत नसे आणि श्वासासाठीही यंत्र लागे. त्यांनी १९६२ साली बर्कले विद्यापीठात प्रवेश मिळवला आणि १९७२ साली तेथील सहकाऱ्यांसह स्वतंत्र जीवन केंद्र सुरू केले. त्यांच्या चळवळीचा आग्रह एकच होता. हात दुसऱ्याचे असले तरी चालतील, निर्णय स्वतःचा हवा. केव्हा उठायचे, काय नेसायचे, कोठे जायचे, कोणाशी विवाह करायचा, पैसा कोठे ठेवायचा, हे ज्याचे त्याने ठरवायचे. वैयावच्च म्हणजे सेवा हे आभ्यंतर तपांपैकी एक मानले आहे, हे श्रोत्यांना ठाऊकच आहे. पण सेवा करणाऱ्याचे तप वाढावे म्हणून सेवा घेणाऱ्याने आयुष्यभर अंथरुणावर राहावे, असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही.

आता थोडे मोजमापाकडे वळू. कारण भावनेने दार रुंद होत नाही.

उताराचा सर्वमान्य हिशोब एकास बारा असा आहे. म्हणजे एक फूट उंची चढायची असेल तर बारा फूट लांबीचा उतार हवा. सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट उंची. तेथे अठरा फुटांचा उतार लागेल. अनेक ठिकाणी कायद्याला दाखवण्यापुरती चार फुटांची घसरगुंडी बांधलेली असते. तिच्यावरून खुर्ची स्वतः चढवणे अशक्य आणि उतरणे धोक्याचे. पावसाळ्यात शेवाळ धरले की चालणाराही घसरतो. जागा नसेल तर उतार वळवून घ्यावा, कडेला कठडा द्यावा आणि पृष्ठभाग खरखरीत ठेवावा. दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे तीन फूट असावी. खुर्ची जागच्या जागी वळवायला पाच फूट व्यासाची जागा हवी. शौचालयात कमोड खुर्चीच्या बैठकीच्या उंचीचा असावा, भिंतीला घट्ट आडवा दांडा असावा आणि दार बाहेर उघडणारे असावे. विजेची बटणे बसल्या हाताला लागावीत. नवे बांधकाम करताना या गोष्टींचा वाढीव खर्च एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ असतो. बांधून झाल्यावर तोडफोड करून त्याच गोष्टी करायला मात्र चांगलीच किंमत मोजावी लागते. या परिसरात सध्या जुन्या वाड्यांच्या जागी नवी घरे उभी राहत आहेत. गवंड्याला हे सांगण्याची वेळ हीच आहे.

खुर्चीही मापाची हवी. शिबिरात मिळणारी खुर्ची बहुधा रुग्णालयातील नमुन्याची असते. ती जड असते आणि मुख्यतः दुसऱ्याने ढकलण्यासाठी केलेली असते. बैठक फार रुंद असेल तर हात चाकापर्यंत नीट पोहोचत नाही आणि कणा वाकतो. अरुंद असेल तर मांड्यांना घासून जखमा होतात. चपलेसारखेच आहे हे; सर्वांना एकच माप देता येत नाही. मद्रास आयआयटीतून पुढे आलेल्या ‘निओमोशन’ने वापरणाऱ्याच्या मापाची ‘निओफ्लाय’ ही खुर्ची आणि तिला पुढून जोडायचे विजेवर चालणारे ‘निओबोल्ट’ हे वाहन बाजारात आणले. २०१९ साली त्याच संस्थेत उभे राहता येईल अशी ‘अराइज’ खुर्चीही तयार झाली. दहा साध्या खुर्च्या वाटण्याऐवजी मापाच्या तीन दिल्या तर छायाचित्रात गर्दी कमी दिसेल, एवढाच तोटा.

ज्यांची संवेदना गेली आहे, त्यांचा खरा शत्रू म्हणजे बेडसोअर. धडधाकट मनुष्य बसल्या जागी नकळत हालचाल करतो. ज्याला टोचतच नाही, तो हलत नाही आणि कातडीखालचा रक्तपुरवठा थांबतो. म्हणून दर पंधरा ते तीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन शरीर उचलायचे किंवा बाजूला झुकायचे, चांगली उशी वापरायची आणि रोज रात्री आरशात किंवा घरच्यांकडून त्वचा तपासून घ्यायची. कॅथेटर किती वेळाने वापरायचे, पाणी किती प्यायचे, हे डॉक्टरांकडून समजून घ्यावे. प्रवासात स्वच्छतागृह मिळणार नाही या भीतीने पाणी पिणे टाळणे, ही विशेषतः स्त्रियांची सवय मूत्रपिंडांना घातक आहे.

कपड्यांविषयी दोन शब्द सांगणे अस्थानी होणार नाही. तयार पँट उभ्या माणसासाठी बेतलेली असते. बसून राहणाऱ्याला ती मागून खाली सरकते आणि पोटाशी गोळा होते. शिंप्याला मागची उंची वाढवायला आणि पुढची कमी करायला सांगावे. मागचे खिसे पूर्ण काढून टाकावेत. पाकीट, जाड शिवण किंवा जीन्सचे पितळी रिव्हेट यांवर तासन्‌तास बसून जखम झाल्याची उदाहरणे आहेत. कापड मऊ, घाम शोषणारे सुती असावे. लांबी दोन इंच अधिक ठेवावी, कारण गुडघा वाकला की पायघोळ वर चढते. साडीचा पदर आणि ओढणी चाकाच्या आरीत अडकून गळ्याला फास बसू शकतो. ती खोचलेली किंवा टाचलेली असावी. लग्नसराईत जरीचे जड वस्त्र हवेच असेल तर परकर-ओढणी वेगवेगळी शिवून घेता येते. खुर्चीवरच्या मुलीला लग्नात साधा गाऊन घालून कोपऱ्यात बसवणे, हे तिच्या पायांचे नव्हे, घरच्यांच्या मनाचे दुबळेपण आहे.

किनारपट्टीच्या या भागाला हा विषय परका नाही. नारळाच्या किंवा ताडाच्या झाडावरून पडणे, तारापूर औद्योगिक वसाहतीत उंचावर काम करताना तोल जाणे, मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील अपघात, लोकलच्या दारातून पडणे, या प्रत्येकातून मज्जारज्जूची इजा होते. भारतात उंचावरून पडणे हे अशा इजेचे एक प्रमुख कारण आहे. येथे कळकळीची सूचना अशी की, पडलेल्या माणसाला बखोटीला धरून रिक्षात कोंबू नये. मान व पाठ एका रेषेत ठेवून, तीन-चार जणांनी मिळून त्याला फळीवर किंवा दारावर घ्यावे आणि रुग्णवाहिकेने न्यावे. मणका मोडला असेल पण मज्जारज्जू शाबूत असेल, अशा माणसाचे पाय कित्येकदा या उचलाउचलीत जातात.

कायद्याकडे येऊ. पहिला अपंग व्यक्ती कायदा १९९५ चा. त्याच्या मागे स्वतः व्हीलचेअर वापरणारे जावेद अबिदी (१९६५-२०१८) यांच्यासारख्यांचा मोठा लढा होता. जानेवारी २००१ मध्ये शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग दिल्लीत आले, तेव्हा कुतुबमिनार व लाल किल्ल्यावर घाईघाईने तात्पुरते लाकडी उतार टाकण्यात आले. जगप्रसिद्ध पाहुण्यासाठी एका रात्रीत जे होते, ते देशातील नागरिकांसाठी का होत नाही, हा अबिदींसारख्यांचा प्रश्न बिनतोड होता. पुढे २०१६ चा नवा कायदा आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याने मान्य अपंगत्वांची संख्या ७ वरून २१ केली आणि सरकारी नोकऱ्यांतील आरक्षण ३ वरून ४ टक्के केले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सांगितले की, सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशी असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. ‘अपंग’ या शब्दाच्या जागी सरकारी व्यवहारात आता ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ झाला आहे. शब्द गोड आहे. पण गोड शब्दाने पायरी कमी होत नाही.

या कायद्यातील एक बाब विश्वस्तांनी विशेष लक्षात घ्यावी. ‘सार्वजनिक इमारत’ या संज्ञेत खाजगी मालकीच्या पण लोकांसाठी खुल्या असलेल्या इमारती येतात आणि त्यात धार्मिक कार्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतींचाही स्पष्ट उल्लेख आहे. तेव्हा देरासर, उपाश्रय, आयंबिल भवन, अतिथिगृह यांना सवलत नाही. शत्रुंजयाच्या तीन हजारांहून अधिक पायऱ्या डोलीतून चढता येतात, असे उत्तर यावर दिले जाते. डोलीची सोय पुण्यकारक आहेच. पण वर्षातून एकदा गिरिराजाला डोलीतून जाणे वेगळे आणि रोज सकाळी गावातल्या देरासरात दर्शनाला दोन माणसांनी उचलून नेणे वेगळे. रोज कोणाला उचलायला सांगायचे, या संकोचाने दर्शनच बंद होते. बाहेरच्या चाकांची धूळ आत येईल, ही हरकत प्रामाणिक असू शकते. तिच्यावर उपायही सोपा आहे. एक स्वच्छ खुर्ची फक्त आतल्या वापरासाठी देरासरातच ठेवावी आणि दारात खुर्ची बदलावी. कार्यालय तळमजल्यावर आणावे, प्रवचनाच्या सभागृहात एक रांग मोकळी ठेवावी. आणि विश्वस्त मंडळाची बैठक माडीवर भरत असेल तर व्हीलचेअरवरील सुशिक्षित गृहस्थ खजिनदार कधीच होणार नाहीत. मग त्यांची हिशोबातील बुद्धी कितीही तल्लख असो.

बुद्धीचे एक उदाहरण पुरे आहे. कर्करोगतज्ज्ञ डॉ. सुरेश अडवाणी यांना वयाच्या आठव्या वर्षी पोलिओ झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळवताना खुर्ची आडवी आली. त्यांनी पाठपुरावा करून तो मिळवलाच. १९८३ साली टाटा रुग्णालयात भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण त्यांनी केले. २००२ मध्ये पद्मश्री आणि २०१२ मध्ये पद्मभूषण त्यांना मिळाले. प्रवेश नाकारलेलाच राहिला असता तर नुकसान एकट्या अडवाणींचे झाले नसते.

घरातील मंडळींसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, काढून घ्यावे. सवलतींसाठी त्याचा उपयोग होतो. बँकेचे खाते त्या व्यक्तीच्याच नावावर असावे आणि तिनेच ते चालवावे. वारसाहक्कात खुर्चीवरच्या मुलाचा वा मुलीचा वाटा ‘भाऊ सांभाळेल’ या शब्दावर सोडू नये. मृत्युपत्रात स्पष्ट लिहावा. भाऊ सज्जन असतो; पुढची पिढी कशी असेल, हे कोणी सांगावे? मुंबईत डॉ. केतना मेहता यांनी १९९५ च्या पॅराग्लायडिंग अपघातानंतर २००१ साली नीना फाउंडेशन स्थापन केले. नव्याने इजा झालेल्यांना तेथे समदुःखी आणि माहीतगार माणसे भेटतात. पहिल्या वर्षात अशी एक भेट पुष्कळ औषधांपेक्षा गुणकारी ठरते. बाबूकाकांच्या भेटीने ठरली तशी.

वागण्याविषयीही थोडे. खुर्ची ही त्या माणसाच्या शरीराचा भाग समजावी. न विचारता तिला हात लावू नये, मागून ढकलू नये, तिच्या मुठीला पिशव्या अडकवू नयेत. बराच वेळ बोलायचे असेल तर समोर बसून बोलावे, म्हणजे त्याला मान वर करून ठेवावी लागत नाही. आणि बोलणे त्याच्याशी करावे, सोबतच्या माणसाशी नव्हे.

या शेवटच्या बाबतीत बाजारपेठेची सवय जुनी आहे. कापडाच्या परंपरागत दुकानात ओटा उंच, वर पांढरी गादी. खुर्चीवरची बाई रस्त्यावरच थांबते, भाऊ वर चढतो आणि शेटजी त्याला विचारतात, ‘ताईंना कोणता रंग दाखवू?’ ताई तेथेच, दहा फुटांवर आहेत. त्यांना ऐकूही येते. पालघर-बोईसरच्या बाजारात आता रस्त्याच्या पातळीवरची नवी दुकाने झाली आहेत. त्यांत काउंटरचा एक भाग टेबलाच्या उंचीचा ठेवला आणि दोन रांगांत तीन फूट वाट सोडली तर तिला आत येता येईल. तिने स्वतः पोत चिमटीत धरून पाहावा, दोन ठाण नापसंत करावेत, भाव उतरवून मागावा आणि पटला नाही तर समोरच्या दुकानात जावे. शेटजींनीही इतर गिऱ्हाइकांशी घालतात तेवढीच हुज्जत तिच्याशी घालावी.